आईला न येणारी मातृभाषा

गेल्या दिवाळीनंतर आमच्या गावात एका घराच्या ओट्यावर दहा-बारा माणसं बसली होती. गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. त्या घरची मुलगी दोन वर्षांची व्हायला महिना कमी. नागपूरला तिची बेरा टेस्ट झाली होती आणि दोन्ही कानांनी ऐकू येत नाही असा कागद घेऊन बाप आदल्या रात्री परतला होता. मी त्याच गावची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. माझा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा, म्हणून मलाही बोलावणं होतं. अकोल्याहून आलेले मुलीचे मामा म्हणत होते, ऑपरेशन करून मशीन बसवा, पोट्टी वर्षभरात बोलायला लागते. एका निवासी शाळेत पूर्वी नोकरी केलेले गृहस्थ म्हणत होते, डोक्याला चिरा देऊ नका, सहा वर्षांची झाली की शाळेत टाका, खुणांनी शिकते. तिसरे एक तरुण शिक्षक होते. त्यांचं म्हणणं, वेगळ्या शाळांचा काळ गेला, आता समावेशक शिक्षण आलं, मुलगी गावच्याच शाळेत सगळ्यांबरोबर बसेल. दोन तास हे चाललं. तिघंही कळवळ्यानेच बोलत होते. दाराआड मुलीला मांडीवर घेऊन बसलेली आई शेवटी एवढंच म्हणाली, "मंग तोवर मी इच्यासंगं बोलू कशी?"

त्या ओट्यावर विचारला गेलेला खरा प्रश्न हाच होता, आणि त्याचं उत्तर तिघांपैकी कुणाजवळच नव्हतं. कर्णबधिर मुलांबद्दल आपल्याकडे वाद होतो तो असाच: बोलणं की खुणा, मशीन की शाळा, वेगळी शाळा की गावची शाळा. मला हा वाद मुळातच चुकीचा मांडलेला वाटतो. प्रत्येक मुलाला आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत एक पूर्ण भाषा मिळणं हा त्याचा हक्क आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापर्यंत अशी भाषा विनाअडथळा पोचते ती डोळ्यांच्याच वाटेने. म्हणून निदान झालं त्याच आठवड्यापासून त्याला सांकेतिक भाषा मिळाली पाहिजे. आणि भाषा काही एकट्याने बोलायची वस्तू नाही, तेव्हा ती आधी त्याच्या आईला, घराला, अंगणवाडीला शिकवणं ही शासनाची जबाबदारी आहे. मशीन बसवायचं की नाही, शाळा कोणती, हे प्रश्न त्यानंतरचे.

मामांची बाजू सगळ्यात भक्कम आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. कॉक्लिअर इम्प्लांट ही भूलथाप नाही. आवाजाचा संकेत विजेच्या रूपाने थेट कानाच्या नसेपर्यंत नेणारं हे यंत्र वेळेत बसलं, पुढे काही वर्षं स्पीच थेरपी नेमाने झाली, तर मुलं बोलतात, फोनवर बोलतात, गावच्या शाळेत पुढे जातात. मी स्वतः अशी मुलं पाहिली आहेत. केंद्राच्या एडिप योजनेतून गरीब घरातल्या लहान मुलांना ते बसवून मिळण्याची सोय आहे. आणि आपला समाज बोलणाऱ्यांचा आहे. एसटीत, बँकेत, कृषी केंद्रात, दवाखान्यात कुणालाच खुणा येत नाहीत. आपलं लेकरू त्या जगात आपल्या तोंडाने बोलावं असं आईबापाला वाटलं, तर त्यांना दोष देणारे आपण कोण? जे कार्यकर्ते मशीनचं नाव काढलं की अंगावर येतात, ते या आईबापांवर अन्याय करतात.

पण मामांनी हिशेब ऑपरेशनपर्यंतच केला होता, तो पुढे नेला पाहिजे. ऑपरेशन झालं त्या दिवशी मुलाला भाषा येत नाही, त्या दिवसापासून आवाज ओळखायला शिकण्याची सुरुवात होते. त्याआधीचे महिने कागदपत्रांत, तपासण्यांत, नंबर लागण्यात जातात. त्यानंतरची वर्षं थेरपीत. थेरपी अमरावतीला किंवा नागपूरला. आमच्या गावाहून नागपूर दोनशे किलोमीटर. एका फेरीत दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत ती बुडवणं काय असतं ते घरात चूल पेटवणाऱ्या बाईला विचारावं. मशीन नाजूक, त्याची बॅटरी संपते, वायर तुटते, काही वर्षांनी बाहेरचा भागच बदलावा लागतो आणि तो खर्च घराच्या आवाक्याबाहेरचा असतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, घामाने यंत्र भिजतं. आंघोळीला ते काढायचं, झोपताना काढायचं, आणि काढलं की मूल पुन्हा पूर्ण बहिरं. सगळं यथासांग होऊनही काही मुलांना बोलणं जमत नाही. ती मुलं कोणती, हे पहिल्या दिवशी जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही.

शेतकऱ्याला वाफसा कळतो. जमिनीत ओल आणि हवा यांचा मेळ बसलेला असतो ते चार दिवस. त्यात पेरलं तर उगवतं, तो गेला की मागून कितीही पाणी द्या. मेंदूला भाषेचा असाच वाफसा असतो आणि तो पहिल्या चार-पाच वर्षांचा असतो. ज्या मुलाला त्या काळात कोणतीच भाषा पुरेशी मिळाली नाही, त्याचं नुसतं बोलणं अडत नाही. काल-उद्या, कारण-परिणाम, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज, मोजदाद हे सगळंच अडखळतं. मग 'मशीनने बोलायला लागेल, तोवर खुणा शिकवू नका' या सल्ल्याचा अर्थ काय होतो? एक बियाणं येईल की नाही याची वाट पाहत शेत पडीक ठेवायचं आणि हातात असलेलं बियाणं कोठीत कुलूप लावून ठेवायचं.

'हातवारे शिकवले त मंग थो बोलनच नाई' ही भीती आमच्याकडे घरोघरी आहे आणि ती काही गावठी अडाण्यांची भीती नाही, शिकलेल्या थेरपिस्टांनीच ती पेरली आहे. तिच्या बाजूने काही अभ्यासही दाखवले जातात: घरात खुणा न वापरणाऱ्या इम्प्लांटवाल्या मुलांचं बोलणं सरस निघालं, असे. ते मी झटकून टाकत नाही. पण त्यांतल्या खुणा वापरणाऱ्या घरांपैकी किती घरांना ती भाषा खरोखर येत होती आणि किती घरं चार-दोन तुटक शब्द हाताने दाखवत होती, हा फरक अशा तुलनेत हरवतो. बोलणं जमेना तेव्हा कुणी खुणांकडे वळलं, की खुणांमुळे बोलणं जमलं नाही, हेही त्यातून उलगडत नाही. उलट, आईबापच बहिरे असल्यामुळे जन्मापासून सांकेतिक भाषेत वाढलेल्या आणि पुढे इम्प्लांट बसवलेल्या मुलांचे अमेरिकेतले अभ्यास आहेत. संख्येने लहान, पण त्यात ही मुलं बोलण्यात ऐकणाऱ्या मुलांच्या मागे पडलेली दिसली नाहीत. मेळघाटातलं कोरकू बोलणारं पोर पहिलीत मराठी ऐकून बावरतं, हे मी नोकरीत डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याला मराठी लवकर कशाने येते? त्याची कोरकू तोडून, की कोरकूतून मराठीकडे नेऊन? एक भाषा पक्की असली की दुसरीला आधार सापडतो. हे आपण सगळ्या मुलांबद्दल मान्य करतो आणि बहिऱ्या मुलापाशी येऊन विसरतो.

माझा भाऊ 1968 साली जन्मला. आठव्या वर्षी त्याला विदर्भातल्याच एका शहरात निवासी शाळेत घातलं. तिथे खुणांना बंदी होती. वर्गात हात मांडीखाली घेऊन बसायचं, हात हलले की पट्टी. दहा वर्षं त्याने 'पाणी', 'आई', 'नमस्कार' हे शब्द गळ्यातून काढायला शिकण्यात घालवली आणि ते शब्दही घरच्यांशिवाय कुणाला कळत नव्हते. त्याची भाषा त्याला मिळाली ती वसतिगृहात रात्री, मोठ्या मुलांकडून, चोरून. सुटीत घरी आला की ती निकामी, कारण आम्हाला तीस-चाळीस घरगुती खुणा यायच्या: जेवण, झोप, बैल, वावर, पैसा, आणि मिशीवर बोट फिरवलं की बाबा. 1994 साली बाबा गेले. भावाला आम्ही आभाळाकडे बोट दाखवलं आणि तो आमच्याबरोबर रडला. अकरा वर्षांनी, त्याच्या मित्रांकडून मी सांकेतिक भाषा नीट शिकून घेतली तेव्हा, एका संध्याकाळी अंगणात त्याने मला विचारलं, बाबा कशाने गेले? मी सांगितलं, हृदयविकाराने. तो बराच वेळ हलला नाही. बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्याने रागाच्या भरात बैलाचं दावं सोडून दिलं होतं आणि बैल शोधत बाबा उन्हात फिरले होते. आपल्यामुळे बाप मेला, असं तो अकरा वर्षं एकटाच मनात धरून बसला होता. एका वाक्याचं काम होतं. त्या घरात सात माणसं होती आणि ते वाक्य कुणालाच येत नव्हतं.

ती पट्टी आली कुठून? त्या शिक्षकांना मी आज क्रूर म्हणत नाही. त्यांच्या हातात ती शंभर वर्षांपूर्वीच्या एका ठरावाने दिली होती. 1880 च्या सप्टेंबरात इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. एकशे चौसष्ट प्रतिनिधींपैकी बहिरा प्रतिनिधी एक. परिषदेने ठरवलं की बोलणं हे खुणांपेक्षा निर्विवाद श्रेष्ठ आहे आणि शाळांत शुद्ध मौखिक पद्धतच असावी. त्याआधी शंभर वर्षं, अठराव्या शतकात अॅबे द लेपे यांनी पॅरिसमध्ये काढलेल्या शाळेपासून, खुणांतून शिकलेले बहिरे लोक स्वतः शिक्षक होत होते. मिलाननंतर ते वर्गाबाहेर गेले. मुंबईत बहिऱ्यांची शाळा 1885 च्या सुमारास निघाली, म्हणजे आपल्याकडे हे शिक्षण रुजलंच मुळी त्या ठरावाच्या सावलीत. 2010 साली व्हँकुव्हरला त्याच परिषदेच्या वारसांनी मिलानचे ठराव नाकारले आणि झालेल्या नुकसानीबद्दल खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षं लागली. ज्यांच्या आयुष्याचा निर्णय, त्यांना खोलीत बसू न देता घेतला की काय होतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. आमच्या ओट्यावरही दहा-बारा माणसांत बहिरं माणूस एकही नव्हतं. माझा भाऊ दोन गल्ल्या पलीकडे होता, त्याला बोलवावं हे मलाही सुचलं नाही.

काही लोक इथे म्हणतील, खुणा म्हणजे भाषा थोडीच, ती तर अडलेल्याची सोय. 1960 पर्यंत विद्वानांनाही असंच वाटत होतं. त्या वर्षी वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या बहिऱ्यांच्या कॉलेजात शिकवणाऱ्या विल्यम स्टोको यांनी दाखवून दिलं की हाताचा आकार, जागा आणि हालचाल हे घटक बदलले की खुणेचा अर्थ बदलतो, जसा 'काम' आणि 'नाम' यांत एका ध्वनीने बदलतो. भारतात मदन वसिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर इथल्या खुणा तपासल्या. शहरागणिक शब्दांत फरक, पण मोठा भाग एकमेकांशी नातं सांगणारा. या भाषेचं व्याकरण मराठीच्या बोटाला धरून चालत नाही. प्रश्नवाचक शब्द वाक्याच्या शेवटी येतो: 'तुझं गाव कोणतं' हे 'तुझं – गाव – कोणतं' असं जुळतं, पण 'कोण आलं' हे 'आलं – कोण' होतं. नकारही शेवटी. होय-नाही प्रश्नाला भुवया वर जातात, आणि त्या भुवया म्हणजे हावभाव नव्हे, व्याकरणच. एकदा हवेत उजवीकडे 'आई' आणि डावीकडे 'काकू' ठेवली की पुढचं सगळं भांडण, कोण कुणाला काय म्हणालं ते, नावं न घेता नुसत्या दिशेने सांगता येतं. माझ्या भावाने सांगितलेलं गावातलं भांडण पाहावं, तोंडाने सांगणाऱ्याला इतकं नेमकं जमत नाही.

आणि 'मुका' हा शब्द. आमच्याकडे बहिऱ्या माणसाला सर्रास मुका म्हणतात, शाळांच्या पाट्यांवर अजून 'मूकबधिर' आहे. त्यांतल्या बहुतेकांचा गळा ठणठणीत असतो. त्यांचं बोलणं आपल्याला कळत नाही म्हणून आपण त्यांना मुकं ठरवलं.

विदर्भाच्या माणसाला खरं म्हणजे हे समजावून सांगायची गरज पडू नये. आमच्या पिढीने शाळेत 'मले', 'तुले' म्हटलं म्हणून मार खाल्ला आहे, पुण्या-मुंबईत वऱ्हाडी तोंडातून निघाली की लोक गालात हसतात हे सोसलं आहे. भाषेपायी माणूस कमी लेखला जातो म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक आहे. त्याच्याही मागे जावं. सातशे वर्षांपूर्वी महानुभावांचे आचार्य नागदेव यांनी केशिराजांना संस्कृतात लिहू नका म्हणून बजावलं. कारण काय दिलं? माझ्या म्हाताऱ्या त्याने नागवल्या जातील. ज्या पंडिती भाषेला तेव्हा सगळा मान होता तिची बाजू त्यांनी घेतली नाही. समोर बसलेल्या बाईपर्यंत जी पोचते ती भाषा, ही त्यांची कसोटी होती. त्याच पंथाच्या रिद्धपूरला आज मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे, 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला आहे. गेल्या वर्षी, 2025 च्या एप्रिलपासून जूनपर्यंत, पहिलीपासून हिंदीवरून महाराष्ट्र पेटला आणि शेवटी 29 जूनला शासनाला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. त्या तीन महिन्यांत 'लहान मुलाचं शिक्षण मातृभाषेतूनच' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आणि प्रत्येक वेळी मान डोलावली. पण ज्या मुलाला मातृभाषा ऐकूच येत नाही त्याचं काय, हे त्या सगळ्या गदारोळात एकाही भाषणात माझ्या कानावर आलं नाही. बहुतेक बहिरी मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. अमेरिकेतल्या पाहणीत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे त्यांची मातृभाषा आईलाच येत नसते. मातृभाषेचा आग्रह आपण खरा मानत असू, तर इथे तो उलट्या दिशेने पाळावा लागेल: भाषा आईकडून मुलाकडे नेण्याआधी ती आईपर्यंत न्यावी लागेल.

आता व्यवहाराचा आक्षेप, आणि तो गावात राहणाऱ्यानेच घ्यावा इतका खरा आहे. दोन हजार वस्तीच्या गावात बहिरं मूल एक किंवा दोन. त्याने सांकेतिक भाषा शिकून बोलायचं कुणाशी? यावर मला अमेरिकेच्या किनाऱ्याजवळचं मार्थाज् व्हिनयार्ड हे बेट आठवतं. तिथे पिढीजात बहिरेपण होतं, आणि एकोणिसाव्या शतकात चिलमार्क गावात पंचविसांत एक माणूस बहिरा होता. गावातले ऐकणारे लोकही खुणा जाणत, मासेमारीच्या नावेत, दुकानात, सभेत त्या वापरत. पुढे तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर अमका बहिरा होता हे त्यांना आठवून सांगावं लागे. कबूल, पंचविसांत एक आणि दोन हजारांत एक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमचं सगळं गाव खुणा शिकेल असं मी म्हणत नाही. पण मुलाला भाषा यायला सगळं गाव लागत नाही. आई, आजी, एक भावंड, अंगणवाडीच्या ताई आणि शेजारची दोन पोरं, एवढे बोलणारे हात पुरतात. पोरं तर आठ दिवसांत उचलतात. दुसरं म्हणजे, गाव आता पूर्वीसारखं एकटं राहिलेलं नाही. इंटरनेट स्वस्त झाल्यापासून माझा भाऊ रोज रात्री मूर्तिजापूरच्या, वरुडच्या, पार वर्ध्याच्या मित्रांशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. कापसाचा भाव, लग्नं, राजकारण, सगळं. लाइट गेली तर टॉर्च भिंतीला टेकवून हातांवर उजेड पाडतो. बहिऱ्या माणसाला मोबाइलने जे दिलं ते शंभर वर्षांत कोणत्याही योजनेने दिलं नव्हतं. फक्त त्या कॉलवर बोलायला आधी भाषा असावी लागते.

तरुण शिक्षकांच्या समावेशक शिक्षणाचंही असंच. सहा वर्षांच्या लेकराला घरापासून तोडून वसतिगृहात ठेवू नये, हे त्यांचं म्हणणं मला पोटातून पटतं. माझ्या भावाचा पेटीवर बसलेला, एसटी सुटताना मागे पाहणारा चेहरा मी विसरलेले नाही. पण ज्या वर्गात कुणालाच त्याची भाषा येत नाही त्या वर्गात त्याला बसवणं याला समावेश म्हणायचं का? हजेरीपटावर ते मूल असतं, वर्गात नसतं. फळा उतरवून काढतं, अक्षर सुंदर असतं, अर्थ शून्य. निकाराग्वात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मानाग्वाला बहिऱ्या मुलांची शाळा निघाली. शिक्षक ओठ वाचायला आणि स्पॅनिश बोलायला शिकवत होते, त्यात फारसं यश येत नव्हतं. पण घरोघरच्या तुटक खुणा घेऊन आलेली ती मुलं मैदानात आणि बसमध्ये एकत्र आली आणि काही वर्षांत त्यांनी एक नवी भाषा घडवली. धाकट्या मुलांनी ती थोरल्यांपेक्षा अधिक गुंतागुंतीची केली. कोणत्याही मोठ्या माणसाने ती त्यांना शिकवली नव्हती. बहिऱ्या मुलांना बहिरी मुलं भेटणं ही त्यांची गरज आहे, तो काही मागास विचार नाही. आपल्याकडच्या वाईट वसतिगृहांनीही नकळत ही एक गोष्ट दिली होती. ती शाळा बंद करून मुलाला गावच्या वर्गात एकटं सोडलं, तर पट्टीवाल्या मास्तरांनी हिरावली नव्हती ती भाषाही आपण हिरावू. वेगळी शाळा चालेल, गावची शाळा चालेल, दोन्हींचा मेळही चालेल. ज्यात खुणा येणारा शिक्षक आणि बरोबरीची बहिरी मुलं असतील ते चालेल. आज कित्येक विशेष शाळांतल्या शिक्षकांनाही सांकेतिक भाषा येत नाही, ते पोरांकडून जमेल तशी उचलतात. ही उघडी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल बोलायला कुणी तयार नसतं.

दिल्लीत ठरलेली प्रमाण खूण आमच्या पोरांवर लादली जाईल, अशी शंका काही जाणकार काढतात. वऱ्हाडी माणसाला ती लगेच पटावी. माझ्या भावाची 'पोळ्या'ची खूण, बैलाच्या शिंगांवरून उतरणाऱ्या झुलीची, कोणत्याही शब्दकोशात नसेल. पण 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सांकेतिक भाषेच्या प्रमाणीकरणाबरोबरच स्थानिक खुणांचा आदर राखावा, शक्य तिथे त्या शिकवाव्यात, असंही स्पष्ट म्हटलं आहे. प्रमाण मराठी आली म्हणून वऱ्हाडी मेली नाही, मेली असती ती शाळेत मार खाऊन. धोका प्रमाण भाषेत नाही, दुसरीला हिणवण्यात आहे.

कायदा कमी पडतो असंही आता म्हणता येत नाही. 2007 साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली, त्यात भाषेच्या व्याख्येतच सांकेतिक भाषा आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. 2015 मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, त्याच्या शब्दकोशात 2021 पर्यंत 10,000 शब्द झाले. सप्टेंबर 2023 मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाषाच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयापुढे उभ्या राहिल्या. पण आमच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात? 2013 च्या फौजदारी दुरुस्तीपासून अत्याचार झालेल्या दिव्यांग स्त्रीची तक्रार दुभाषाच्या उपस्थितीत घ्यायची आहे, साक्षीचं चित्रीकरण करायचं आहे. जिला भाषाच मिळाली नाही, जिच्याकडे फक्त आईला कळणाऱ्या तीस खुणा आहेत, तिच्यासाठी दिल्लीहून सर्वांत हुशार दुभाषा आणला तरी तो कशाचा अनुवाद करणार? न्यायाची सुरुवात कोर्टात होत नाही, ती त्या मुलीच्या दुसऱ्या वर्षी अंगणवाडीत होते किंवा होत नाही.

म्हणून माझी मागणी दिल्लीकडे नाही, मुंबईकडेही अर्धीच आहे. सांकेतिक भाषेला राजभाषेचा दर्जा द्यावा, दक्षिण आफ्रिकेने 2023 मध्ये दिला तसा, हे मला मान्य आहे, त्यासाठी सही मागितली तर करीन. पण दर्जाने त्या आईला आज रात्री एक वाक्य येणार नाही. ते येईल कुणाकडून? बाहेरून कुणी आणायची गरज नाही. प्रत्येक तालुक्यात चाळीस-पन्नास वर्षांची बहिरी माणसं आहेत. शिवणकाम करतात, प्रेसमध्ये आहेत, वावरात आहेत. ही भाषा त्यांच्याइतकी कुणालाच येत नाही. बहिऱ्यांनी सांकेतिक भाषेचे शिक्षक व्हावं म्हणून पदविका अभ्यासक्रमही आहे. आशाताई ज्या धर्तीवर घरोघर जातात त्या धर्तीवर यांना मानधन द्यावं, निदान झालेल्या प्रत्येक घरी आठवड्यातून दोनदा पाठवावं. मूल थेरपीला जात असेल तरी पाठवावं. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. तो दरवर्षी मार्चअखेर काहीतरी वाटून संपवला जातो. त्यातून दोन गावं मिळून एका शिक्षकाचा प्रवासखर्च सहज निघतो, हे मी आमच्या गावच्या आकड्यांवरून सांगते. बेरा टेस्टचा कागद देताना डॉक्टरांनी ऑपरेशनच्या माहितीबरोबर या माणसाचा फोन नंबरही द्यावा. एवढीच सुरुवात.

आमच्या ओट्यावरच्या बैठकीनंतर महिनाभराने मी भावाला घेऊन त्या घरी गेले. त्याने मुलीसमोर बसून 'पाणी' केलं, मग तिच्या हाताला धरून नाही, नुसतं समोर ठेवलेल्या तांब्याकडे पाहत पुन्हा 'पाणी'. तिसऱ्या दिवशी तिने केलं. आईने त्याच्याकडून 'ये', 'झोप', 'दुखतं का', 'कुठं' एवढं उचललं. 'दुखतं का' करताना ती अजून भुवया विसरते. मामांनी इम्प्लांटचे कागद जमा केले आहेत, तेही होवो. पाच टक्के निधीचा अर्ज मी ग्रामसभेपुढे ठेवला, ठराव पुढच्या सभेवर गेला. भाऊ स्वतःच्या खर्चाने आठवड्यातून एकदा जातो, पेरणीच्या दिवसांत त्याला ते जमणार नाही. पेरणी जूनमध्ये. मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होईल.